वेढ्यांचा हिशेब

पोथ्यांना लागणारी कसर रोखायला आणि तान्ह्या बाळाचं पोट सांभाळायला एकच मुळी वापरायची, ही कल्पना परक्या माणसाला चक्रावून टाकेल. मराठी घरांना मात्र त्यात कधी काही वावगं वाटलं नाही. वेखंड तांदळाच्या डब्यात असतं, पैठणीच्या घडीत असतं, बाळगुटीच्या डबीत असतं आणि सर्दीने डोकं जड झालं की सुंठीबरोबर उगाळून कपाळावर येतं. करंगळीएवढं जाड, पेरापेरांचं, तपकिरी. वास इतका उग्र की एकदा नाकात बसला की दुसऱ्या कशाशी घोटाळा होत नाही. ओढ्या-तळ्यांच्या काठी, चिखलात, लांब टोकदार पानांची ही वनस्पती वाढते. आपण जिला मुळी म्हणतो ते खरं तर तिचं जमिनीखालून आडवं धावणारं खोड. कर्नाटकात तुमकूर जिल्ह्यातल्या कोरटगेरे तालुक्यात तर वेखंडाची रीतसर शेती होते.

वाईच्या एका वाड्यात वाढलेल्या, पुढे पुण्यात औषधनिर्माणशास्त्र शिकलेल्या आणि आता आजी झालेल्या एका बाईच्या आयुष्यात हे वेखंड सतत आसपास राहिलं. प्राज्ञपाठशाळेच्या आणि विश्वकोशाच्या वाईत पोथ्यांची ददात नव्हती. तिचे आजोबा भिक्षुकी करत. लाल रुमालात बांधलेल्या प्रत्येक पोथीबरोबर वेखंडाचा एक तुकडा असे, आणि पावसाळा सरला की पोथ्या उन्हात घालताना जुने, वास गेलेले तुकडे काढून नवे घालण्याचं काम नातवंडांकडे असे. ते झालं की हात स्वच्छ धुवायचे, हा आजोबांचा नियम. मुलांना तो सोवळ्याचा वाटायचा.

स्वयंपाकघरात राज्य आजीचं. धाकट्या भावाला गुटी द्यायची वेळ झाली की काळ्या दगडाची सहाण उकळून गार केलेल्या पाण्याने धुतली जाई आणि डबीतून एकेक मुळी बाहेर निघे. हळकुंड, बदाम, खारीक, मुरडशेंग, सागरगोटा, हिरडा, ज्येष्ठमध, अतिविष, काकडशिंगी, जायफळ, वेखंड. प्रत्येकाचे वेढे ठरलेले. सहाणेवर मुळी एकदा गोल फिरवली की एक वेढा. बदामाचे चांगले पाच-सहा, खारकेचे तितकेच, हळकुंडाचे दोन. बाळाला हिरवट शी झाली असेल तर मुरडशेंगेचे वेढे वाढत, खडा झाला असेल तर हिरड्याचे. वेखंडाचा वेढा मात्र कधीच एकाच्या वर गेला नाही, आणि तोही पुरता नाही. उगाळायला बसलेल्या नातीला आजी बजावायची, "बदामाला हात सैल सोड, वेखंडाला आखडता घे. नावाला हो, नावाला!" सहाणेवर उरलेला ओलसर, पिवळट लेप बोटाने निपटून चमच्यात घ्यायचा, थोडं आईचं दूध घालायचं, आणि बाळाच्या गालाच्या आतल्या बाजूला सोडायचं. मग मुळ्या पुसून सुपात, उन्हाच्या पट्ट्यात. ओलसर मुळी डबीत गेली तर तिला बुरशी येते आणि मग ती औषध राहत नाही, हे आजी कुठल्याही प्रयोगशाळेत न जाता जाणत होती.

या सगळ्या व्यवहारात वजनकाटा कुठेच नव्हता. एक वेढा म्हणजे किती, हे दगडाच्या खरबरीतपणावर, मुळी किती वाळलेली आहे त्यावर आणि मुख्य म्हणजे हातावर अवलंबून. तरीही त्या हिशेबाला एक वरची मर्यादा आपोआप होती. वाळलेलं वेखंड दगडावर घासून घासून किती निघणार? जास्त द्यायचं म्हटलं तरी मनगट दुखलं असतं. शिवाय आज काय दिलं आणि उद्या शी कशी झाली, हे पाहणारी बाई एकच होती. घरगुती औषधाची सुरक्षितता म्हणून जे काही होतं ते निम्मं या दोन गोष्टींत होतं, मुळीच्या अंगच्या गुणात नव्हे. हे तिला फार पुढे, कॉलेजात, जरा उलट्या वाटेने कळलं.

त्याआधी वेखंडाने तिची जीभही चाळवून पाहिली. ती उशिरा बोलायला लागली, म्हणून मधात उगाळलेलं वेखंड जिभेवर चाटवण्याचा कार्यक्रम बरेच दिवस चालला. नंतर ती इतकी बोलू लागली की श्रेय कुणाचं यावर वाद व्हायचे. परीक्षेच्या दिवसांत सारस्वतारिष्टाची बाटली यायची. त्याच्या घटकांतही वेखंड असतंच. आयुर्वेदात त्याला वचा म्हणतात आणि वाणी-बुद्धीच्या औषधांत त्याचं स्थान मोठं आहे. तोंडात आधी तिखटपणा, मग कडवटपणा आणि शेवटी बराच वेळ रेंगाळणारी सुगंधी चव. गणित त्याने सुधारलं नाही, एवढं नक्की.

बी.फार्म.च्या वर्गात हेच वेखंड पुढ्यात आलं तेव्हा ते पोतंभर होतं. भरड कुटायचं, पाण्यात घालून उकळायचं आणि वाफेबरोबर वर येणारं तेल काचेच्या नळीत गोळा करायचं. फिकट पिवळं तेल पाण्यापासून वेगळं होत होतं आणि सगळा मजला वाईच्या पोथ्यांच्या कपाटाचा वास मारत होता. मग त्या तेलाचा ठिपका सिलिकाच्या पट्टीवर देऊन, द्रावणात उभा करून, अतिनील दिव्याखाली पाहायचा. एक ठिपका बाकी सगळ्यांना झाकून टाकण्याइतका मोठा दिसे. तो बीटा-असारोनचा. भारतात उगवणाऱ्या वेखंडात बहुधा गुणसूत्रांचे चार संच असतात आणि त्याच्या तेलात या द्रव्याचं प्रमाण ७०-८० टक्क्यांवरही जातं. युरोपात तीन संचांचं वेखंड मिळतं, त्यात ते पुष्कळ कमी. उत्तर अमेरिकेतल्या दोन संचांच्या वेखंडात ते जवळपास नसतंच. धान्यातल्या किड्यांची वीण थांबवणारं द्रव्यही हेच. आजोबा हात धुवायला का लावत याचं त्यांना ठाऊक नसलेलं कारण तिला त्या पट्टीवर दिसलं.

पुढची माहिती अधिक बोचरी होती. १९६७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उंदरांना दीर्घकाळ वेखंडाचं तेल खाऊ घातलं होतं, आणि ते तेल होतं जम्मूकडच्या वाणाचं, म्हणजे आपलंच. उंदरांच्या आतड्यात गाठी झाल्या. १९६८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने वेखंड, त्याचं तेल आणि अर्क खाद्यपदार्थांत घालायला बंदी केली. ती आजही उठलेली नाही.

वर्गात यावर दोन तट पडले. एक म्हणे, उंदराला रोज पाजलेलं तेल कुठे आणि सहाणेवरचा अर्धा वेढा कुठे. दुसरा म्हणे, अर्ध्या वेढ्याने काही होत नाही हे तरी कुणी मोजलंय? दोन्ही म्हणणी खरी होती, हीच अडचण. तान्ह्या बाळाचं यकृत अजून पिकलेलं नसतं. मोठ्या माणसाच्या अंगातून जे काही तासांत निघून जातं ते त्याच्या अंगात रेंगाळतं. आणि पिढ्यान्‌पिढ्या दिलं, कुणाला काही झालं नाही, या वाक्यात ज्यांना झालं त्यांची नोंद कुणी ठेवली नव्हती, हे गृहीतच धरलेलं नसतं. बाळं तेव्हा पुष्कळ दगावत. कशाने, हे कोण विचारत होतं?

मात्र जुन्या वैद्यांना हे द्रव्य भोळंभाबडं वाटत होतं असंही नाही. ग्रंथोक्त पद्धतीत वेखंडाचं शोधन करतात: गोमूत्रात, मग मुंडीच्या काढ्यात, मग पंचपल्लवांच्या काढ्यात उकळून. या उकळण्यात बीटा-असारोन कमी होतं असं हल्लीच्या तपासण्यांतही दिसलं आहे. पोथीतलं, तांदळातलं आणि आजीच्या डबीतलं वेखंड यातल्या कुठल्याच पायरीवरून गेलेलं नसे. म्हणजे शास्त्राच्या नावावर जे खपतं ते शास्त्राने सांगितलेली अर्धी कृती गाळून. भारतीय आयुर्वेदिक औषधकोशात वेखंडाच्या चूर्णाची मात्रा ६० ते १२० मिलिग्रॅम दिली आहे. त्याच नोंदीत आणखी एक आकडा आहे: उलटी करवायची असेल तर १ ते २ ग्रॅम. हे मोठ्या माणसाचं माप. औषध आणि वांतिकारक यांच्यामध्ये फक्त दहा-वीस पटींचं अंतर. चहाचा सपाट चमचाभर पूड घेतली तर ती सहज दोन ग्रॅमच्या आसपास भरते.

हा चमचा तिच्या आयुष्यात आला तो कोथरूडच्या सोसायटीत. तोवर सहाणा माळ्यावर गेल्या होत्या आणि वेखंड पुडीत आलं होतं. खालच्या मजल्यावरच्या एका नव्या आईने आंघोळीनंतर अंगाला लावायची म्हणून आणलेली वेखंड पावडर, बाळाचं पोट फुगलं म्हणून, कुणाच्या तरी सांगण्यावरून पाण्यात कालवून पाजली. चिमूट की पाव चमचा, तिला आठवत नव्हतं. बाळ उलट्या करकरून मलूल झालं, रात्रभर दवाखान्यात सलाईनवर राहिलं आणि सुदैवाने दोन दिवसांत घरी आलं. त्या पुडीवर "बाह्य वापरासाठी" असं छापलेलं होतं, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत. बाळाची आजी घरात होती, पण तिलाही पुडीचं माप माहीत नव्हतं. तिचं ज्ञान वेढ्यात होतं आणि वेढ्याचं ग्रॅममध्ये रूपांतर करणारं कोष्टक तिला कुणी दिलं नव्हतं. तिला दोष देण्यात अर्थ नाही. (सुनेला तर अजिबातच नाही, पण सोसायटीने तो यथेच्छ दिला.)

वेखंड जास्त झालं की माणूस ओकतो, हे स्वीडनच्या विषबाधा केंद्रालाही अनुभवाने कळलं. या शतकाच्या सुरुवातीला तिथे काही तरुणांनी नशा चढते अशा ऐकीव माहितीवर वेखंड घेतलं. नशा बाजूलाच राहिली, तासन्‌तास उलट्या मात्र झाल्या.

तिच्या स्वतःच्या लेकीच्या वेळी घरात वेगळंच नाटक रंगलं होतं. सासूबाई चिपळूणच्या, त्यांच्या डबीत डिकेमालीही होती. बालरोगतज्ज्ञांनी सांगितलं, दुधाशिवाय काही नाही. सासूबाई म्हणाल्या, "डॉक्टर पुरुष आहेत." शेवटी ठरलं की वेखंड बाळाच्या तोंडात जाणार नाही, अंगावर जाईल. टाळूवर तेल आणि वर वेखंडाची पूड, असा बेत होता. पण बारीक पूड हवेत उडते आणि बाळाच्या श्वासात जाते, टाल्कम असो वा वेखंड, हे तिने समजावल्यावर पुडीऐवजी उगाळलेला पातळ लेप आला. तोही आधी सासूबाईंच्या मनगटावर लावून पाहिला, कारण दाट लेपाने कातडीची आग होते. धुरीवर मात्र सासूबाई हटल्या नाहीत. ओवा, बाळंतशेप, लसणीच्या साली आणि वेखंड निखाऱ्यावर पडलं की खोली धुराने भरायची. तोडगा असा निघाला की धुरी आधी द्यायची, खिडक्या उघडायच्या, धूर विरला की मगच बाळाला खोलीत आणायचं. "मग उपयोग काय?" असं सासूबाई रोज विचारत आणि रोज तसंच करत.

जागतिक आरोग्य संघटनेने पहिले सहा महिने निव्वळ आईचं दूध, पाणीसुद्धा नको, अशी शिफारस २००१ साली केली. त्यामागचं कारण वेखंड नाही. सहाण, मुळ्या, पाणी, बोट यांतून जाणारे जंतू हे बहुतेक घरांत वेखंडापेक्षा मोठं संकट. मधाचं तर वेगळंच: एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये, कारण त्यात क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जंतूची बीजं असू शकतात आणि बाळाच्या आतड्यात ती रुजून अंग लुळं पाडणारं विष तयार करतात. वेखंड आणि मध ही तिच्या लहानपणची जोडी आजच्या डॉक्टरला दोन्ही बाजूंनी नापसंत ठरेल.

कोरोनाच्या काळात वेखंड मागे पडलं आणि गुळवेल पुढे आली. सोसायटीच्या गटावर काढ्यांच्या पाककृती फिरत होत्या. कुणी वीतभर कांडं उकळत होतं, कुणी मनगटभर, कुणी तीन-तीन महिने रोज. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं. २०२२ मध्ये देशातल्या तेरा केंद्रांतून त्रेचाळीस रुग्णांची माहिती आली. आयुष मंत्रालयाने हरकत घेतली की ही गुळवेलच होती, की तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात, हे आधी पाहा. वाद रंगला. तिला मात्र दोन्ही बाजूंचं बोलणं शेवटी एकाच जागी आलेलं दिसलं: घरात जे उकळतंय ते नेमकं काय आहे, किती आहे आणि किती दिवस चाललंय, हे उकळणाऱ्याला ठाऊक नाही.

ओळखीचा हा प्रश्न बाळगुटीच्या डबीत सर्वांत टोकदार होतो. वेखंड वासाने सापडतं, पण बाजारात पांढरं वेखंड, कोळिंजन अशी भावंडं त्याच्या शेजारीच बसलेली असतात. त्यातल्या कुणाची अदलाबदल झाली तर ते वाईटच, पण जिवावर बेतेलच असं नाही. अतिविषाचं तसं नाही. हिमालयात उंचावर उगवणारा हा कंद दुर्मिळ आणि महाग झालेला, आणि त्याच कुळातला सख्खा नातेवाईक म्हणजे बचनाग, ज्यातलं अकोनिटिन हृदयाची लय बिघडवून माणूस मारतं. खरं अतिविष आतून पांढरंशुभ्र, पिठूळ निघतं. बाजारातला बचनाग बहुधा काळपट आणि आतून चिवट. चाखून ओळखायची जुनी रीत आहे: अतिविष कडू, बचनाग जिभेला बधिर करतो. ही रीत ज्याने काढली त्याचं धाडस थोर, पण ती कुणी घरी वापरू नये. मंडईजवळच्या काष्ठौषधींच्या दुकानात ती जाई तेव्हा दुकानदाराशी तिची कायम हुज्जत असे: पूड नको, अखंड कंद दाखवा, तुकडा मोडून दाखवा, तळातला नको, बुरशीचा वास येतोय. दुकानदाराने तिला मनातल्या मनात काही नाव ठेवलं असेल तर ते तिच्यापर्यंत पोचलं नाही.

आता लेक न्यू जर्सीत आहे आणि तिला मुलगा झाला आहे. सांगलीच्या विहीणबाई मदतीला गेल्या त्या बॅगेत बाळगुटीची पितळी डबी आणि छोटी सहाण घेऊनच. लेकीचा फोन आला, "आई, त्यांना नाही म्हणवत नाही गं. तू सांग ना काहीतरी." ज्या देशात वेखंड अन्नात घालायला १९६८ पासून बंदी आहे त्या देशात, विहीणबाईंच्या पदराआडून, ते सहाणेवर उतरायच्या बेतात होतं.

तिने विहीणबाईंना व्हिडिओ कॉल लावला आणि नाही म्हणायच्या आधी डबी उघडायला सांगितली. एकेक मुळी कॅमेऱ्यासमोर आली. बदाम आणि खारीक: उगाळून द्या, पण सहा महिने झाल्यावर, तिथल्या डॉक्टरांना विचारून. हळकुंड: तेव्हाच, नावाला. ज्येष्ठमध: बाळाला नको, आणि तुम्हीही खोकल्यासाठी रोज चघळू नका, तुम्हाला रक्तदाबाची गोळी आहे, त्याने रक्तातलं पोटॅशियम उतरतं आणि दाब चढतो. विहीणबाई यावर जरा दचकल्या, कारण त्या सकाळपासून तेच चघळत होत्या. जायफळ: झोपेसाठी देतात ना, म्हणूनच नको, बाळ गुंगीत गेलं तर ते झोपलंय की मलूल झालंय हे कळणार कसं? वेखंड: तोंडात नाही. सर्दी झाली तर तुमच्या स्वतःच्या कपाळावर सुंठीबरोबर खुशाल लावा, डोळ्यांपासून लांब.

विहीणबाईंनी हे सगळं अपेक्षेपेक्षा शांतपणे ऐकलं. त्यांच्या आईनेही वेखंडाला हात आखडताच घ्यायला शिकवलं होतं, असं निघालं. मग त्यांनी डबीच्या तळाशी राहिलेला एक कंद वर धरला. गडद, चिवट दिसणारा.

"हे अतिविष," त्या म्हणाल्या. "गेल्या महिन्यात सांगलीत नवीन घेतलंय. मोडून दाखवू?"

मोडून दाखवायला तिने नको म्हटलं, चाखायला तर मुळीच नाही. कागदात गुंडाळून, वर लिहून, बाळाच्या खोलीबाहेर ठेवायला सांगितलं. हात साबणाने धुवायला सांगितलं. फोन ठेवल्यावर विहीणबाईंनी पहिलं काम केलं ते सांगलीतल्या मुलाला निरोप धाडण्याचं: त्या दुकानात जा, आणि त्याच पोत्यातला माल आणखी कुणाकुणाला दिलाय ते विचार.